दोन खुर्च्या आणि अक्काची अट

सरळ सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोलायला नको. मी नांदेड-लातूरला देवदर्शनाला गेले नव्हते आणि पाहुणचारालाही गेले नव्हते. मी एका माणसाला उघडं पाडायला गेले होते.

त्या माणसाचं नाव मन्मथ बेलुरे. मूळ लातूरचा. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या बंगळूरच्या एका बड्या कंपनीत हा साध्या इंजिनिअरपासून थेट वरच्या मजल्यापर्यंत चढला. मग सरकारनं त्याला दिल्लीला नेऊन संरक्षण खात्यात बसवलं. कुठं? तर हवाई दलासाठी कुठला भाग घ्यायचा आणि कुठला परत पाठवायचा, हे जिथं ठरतं तिथं. काही वर्षांनी स्वारी परत त्याच कंपनीत, आणखी वरच्या खुर्चीवर. आणि आता सरकारनं पुन्हा बोलावणं धाडलंय, आधीपेक्षा मोठ्या पदाचं. आज विकणारा, उद्या विकत घेणारा, परवा पुन्हा विकणारा. आणि ह्याला म्हणायचं देशसेवा!

आम्ही नाशिकची सहा-सात पोरंपोरी ह्याच विषयावर पत्रकं काढतो. कॉलेजच्या दारात, बसस्टँडवर वाटतो. ह्या वेळच्या पत्रकाला नाव दिलं होतं ‘एकच माणूस, दोन खुर्च्या’. पण त्यात नुसता राग होता, माहिती कमी होती. मला पुरावा हवा होता. त्याची थोरली बहीण लातूरला विमानाच्या झडपा बनवणारा छोटा कारखाना चालवते आणि त्या झडपा भावाच्याच कंपनीला जातात, एवढं कळल्यावर मी पिशवी भरली.

अर्धापूर

आधी नांदेड. आमच्या नाशकात उन्हाळ्यात दोन ढांगांत ओलांडावी अशी गोदावरी इथं एवढी रुंद झालीय की पलीकडच्या घाटावर धुणं धुणारी बाई मला ठिपक्याएवढी दिसली. आपल्याच गल्लीतली परकरी पोर परगावी भेटावी आणि ती चार लेकरांची आई निघावी, तसं झालं. दुपारी गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवले. शेजारी एक फळवाला, पलीकडे सोन्याच्या बांगड्यांची बाई, दोघांच्या ताटात तीच डाळ. कुणी मला नाव विचारलं नाही. आमच्याकडे सभेला वडापाव वाटतानासुद्धा आम्ही आधी वहीत नाव लिहून घेतो, हे तिथं बसून आठवलं.

मन्मथला नांदेडच्या कॉलेजात वर्कशॉप शिकवणारे सय्यद सर अर्धापूरला राहतात, असं कळलं होतं. अर्धापूरचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंनी केळीच. मैलच्या मैल. वाऱ्यानं पानं फाटून त्यांच्या झिरमिळ्या झालेल्या, आणि खाली एवढी गार सावली की बाहेर ऊन आहे हे विसरायला व्हावं. मी केळं फक्त गाडीवर पाहिलेलं. एकेका घडाच्या भारानं झाड कमरेत वाकलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

सर बागेतच भेटले. ऐंशीला टेकलेले, पांढरी दाढी, हातात घड कापायचा विळा. मी मन्मथचं नाव काढताच विळा खाली ठेवून म्हणाले, “बेटा, तुम्ही त्याच्या तारीफला आलाव का बुराईला?”

मी म्हटलं, “बुराईला.”

“मंग बसा. तारीफवाले लई येऊन गेले.” त्यांनी मला झाडावर पिकलेलं केळं दिलं. “त्याला म्या लोखंडाचा ठोकळा दिला होता. कानस मारून सहा बाजू सरळ करायच्या. काटकोनाचा गुण्या लावला तर खालून उजेड दिसला नाही पायजे. बाकी पोरांचं पंधरा दिवसांत झालं. ह्याचं दोन महिने चाललं. एक दिवस आणून दिला. म्या पास केला. दुसऱ्या दिवशी हाच येतो अन् म्हणतो, सर, एका कोपऱ्यात उजेड दिसून राहिला, मार्क कापा.”

“कापलेत?”

“कापले की! मागून घेतंय तर देऊ नको का?” ते हसले, मग एकदम गंभीर झाले. “पण एक सांगतो. मनानं साफ माणूस हाय, तरी त्याला सवाल करायला तुमच्यासारखं कुणीतरी पायजेच. साफ माणसाला कुणी इचारतच न्हाई, अन् तिथंच घोटाळा व्हतो.”

मी पुरावा मागायला आले होते. माझ्या पिशवीत त्यांनी बारा केळी टाकली.

लातूर, औसा रस्ता

बसचा प्रवास सांगत नाही, तो कुठल्याही बसचा असतो तसाच होता. लातूरला उतरून गंजगोलाईत गेले आणि गोल फिरतच राहिले. मधोमध देवी, भोवती गोल बाजार आणि त्यातून चहूकडे फुटलेले सोळा रस्ते. सराफ्याचा वेगळा, कापडाचा वेगळा, भुसाराचा वेगळा. मी तीनदा चुकले आणि तीनदा त्याच सुशीलाच्या गाडीसमोर आले. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता. तिसऱ्यांदा गाडीवाला म्हणाला, “ताई, आता खाऊनच जावा. नशिबात हाय.” खाल्ली. आमच्या पोह्यांबद्दल मी आता जपून बोलेन.

कारखाना गावाबाहेर, औशाच्या रस्त्यावर. पत्र्याची शेड, दारात कडुनिंब. बहिणीचं नाव महानंदा, पण सगळे अक्काच म्हणतात. साठीच्या पुढची, कपाळाला भस्माच्या तीन रेघा, नऊवार नाही, साधी सुती साडी आणि वर निळा कोट. मी तिला सांगितलं की कारखान्यात काम करणाऱ्या बायकांवर लिहायचंय. अर्धं खोटं. माझ्या कुर्त्याच्या खिशात तीन पत्रकं होती, ती कामगारांना गुपचूप द्यायची होती.

दारात एका ट्रेमध्ये सगळं काढून ठेवायला लावलं. पेन, अंगठी, केसातले चाप, कानातलं. सगळं मोजून लिहिलं. खिशात कागदच आहेत म्हणून मी ते सांगितलं नाही. कागदानं काय होतंय?

आत जोडणीची खोली. सुपारीएवढ्या झडपा, विमानाच्या इंधनाच्या नळीत बसणाऱ्या. तिथं तपासणीच्या टेबलावर संगीता बसली होती. तिशीची, डोळ्याला भिंग. झडप अशी उचलायची की जणू चिमणीचं पिल्लू. मी बघतच राहिले. तेवढ्यात एकानं दारातून हाक दिली, “संगीता, आज दत्ता आला न्हाई, घंटाभर मशीनवर ये की.”

तिनं मानही वर केली नाही. “म्या आज टेबलावर हाय. हा लॉट बाहेर पडंस्तोवर मशीनला हात न्हाई.”

मी विचारलं, “का बरं?”

“बनवणाऱ्यानं तपासायचं न्हाई, ताई. अन् तपासणाऱ्यानं त्याच लॉटात परत बनवायला जायचं न्हाई. न्हाईतर डोळा फितूर होतोय.”

वाक्य ऐकून मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. हेच तर आम्ही बोंबलून सांगतोय! मी खिशातून पत्रक काढलं, घडी उलगडली आणि तिच्या हातात सरकवलं. तिनं मथळा वाचला नाही. तिनं पानं जोडलेल्या घडीवर बोट ठेवलं.

“ह्याला एकच पिन हाय. दुसरी कुठाय?”

“नसेल मारलेली छापखान्यानं.”

“होती. भोकं हायत.”

तिनं हात लांब करून भिंतीवरची घंटा वाजवली. आणि अख्खी शेड थांबली.

खरं सांगते, मी मोर्च्यात लाठ्या पाहिल्यात, पण त्या शांततेएवढी मला कशाची भीती वाटलेली नाही. कुणी ओरडलं नाही. माणसं जिथं होती तिथंच उभी राहिली. मग दोघांनी लोहचुंबक लावलेल्या काठ्या आणल्या आणि फरशी वीत-वीत फिरून पाहिली. मी आत आल्यापासून जेवढ्या झडपा जोडून झाल्या होत्या, तेवढ्या सगळ्या पुन्हा खोलल्या. माझी उरलेली दोन पत्रकं घेऊन त्यांच्या पिना मोजल्या. इंधनाच्या झडपेत अडकलेली एक पिन म्हणजे काय, हे मला संगीतानं समजावून सांगितलं नाही. तिनं फक्त छताकडे, म्हणजे आभाळाकडे बघितलं.

पाऊण तासानं पिन सापडली. माझ्याच खिशाच्या शिवणीत. मी रडकुंडीला आले होते. संगीतानं वहीत लिहिलं, काय, कुठे, कुणामुळे, आणि माझी सही घेतली. “झालं,” म्हणाली. “वहीत आलं की झालं. आमच्यातल्या कुणी लपवलं असतं तर घरी पाठवलं असतं.”

आमच्या मागच्या एका पत्रकात एका अधिकाऱ्याबद्दलची एक गोष्ट चुकीची छापली गेली होती. आम्हाला छापल्यावर दुसऱ्या दिवशीच कळलं. ‘पुढच्या अंकात बघू’ म्हणून आम्ही गप्प बसलो. तो पुढचा अंक अजून आलेला नाही. त्या वहीत सही करताना मला तोच अंक आठवत होता.

पण आता पत्रक उघडं पडलं होतं. अक्का आली, चष्मा लावून उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं. मी पळून जायच्या तयारीत.

“हा माझा भाऊ हाय. माहीत हाय नव्हं तुला?”

“हो.”

“बायकांवर लिहायचंय म्हणून आत आलीस.”

मी मान खाली घातली.

“उद्या येळवस हाय,” अक्का म्हणाली. “कारखाना बंद. समदे शेतात. मन्मथबी येऊन राहिला, दिल्लीला जायचं का न्हाई ते मला इचारायला. तू चल. हे त्याच्या तोंडावर वाच.”

“तुम्हाला विचारायला?”

“तो गेला तर हे झडपांचं काम बंद पडतंय, पोरी. त्यानंच नेम केलाय. मागल्या टायमाला दिल्लीत होता तवा बहिणीच्या कारखान्याचा एक नग सरकारात येऊ दिला न्हाई. तवर आम्ही बोअरच्या पंपाच्या झडपा बनवल्या. संगीताचा हात बघितलास? त्या हातानं पंपाच्या झडपा.”

बेलुऱ्यांचं शेत

वेळ अमावास्या, लातूरकडची येळवस, हे आमच्या बाजूला कुणाला सांगितलं तर पटायचं नाही. सकाळी लातूर शहरात संचारबंदी लागल्यासारखं. गंजगोलाईत एक कुत्रं. सगळं गाव बैलगाडी, मोटरसायकल, टेम्पो करून रानात. ज्याचं शेत नाही त्याला शेतवाले ओढून नेतात. रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाका मारतात, “या की जेवायला!” आमच्याकडे अनोळखी माणसाला पत्ता सांगायलाही आपण आधी त्याला वरून खालपर्यंत बघतो.

हिरव्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी केलेली, आत पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड, त्यांची पूजा. मडक्यात आंबील. सगळ्या शेंगा, पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर. जेवणाआधी एकानं आंबिलीचं भांडं घेऊन शेताच्या कडेकडेनं शिंपडत फेरी मारली, मागून पोरं हाळ्या देत. मी तोंड उघडं टाकून बघत होते. भज्जी तिसऱ्यांदा घेतली तेव्हा अक्का म्हणाली, “राग ठेव थोडा, पोट भरलं की जातोय.”

मन्मथअप्पा मांडी घालून बसले होते. उंच, केस विरळ, पांढरा सदरा. कारखान्यातले बरेच जण आले होते, पण बांधापलीकडे बसलेले. मी पत्रक वाचलं. सगळं. आवाज चढवून. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

शेवटी म्हणाले, “दुसऱ्या पानावर चूक आहे. मी कंपनीचा सगळा माल पास केला असं लिहिलंय. मी त्यांचा माल परत पाठवला होता, एकदा नाही, बऱ्याचदा. कागद आहेत, दाखवतो.”

“दाखवा,” मी म्हटलं. “चुकलं असेल तर छापू.” हे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. “पण मला एक सांगा. तुम्ही दिल्लीत गेलात, अक्कांचं काम बंद झालं. तुम्ही कंपनीत परतलात, मग काम परत कधी आलं?”

उत्तर अक्कानं दिलं.

“आठ दिवसांत.”

“अक्का...”

“खरं हाय ते खरं हाय. पोरीनं बरोबर जागी बोट ठेवलं. आमचा माल चांगला होता म्हणून काम आलं का तुझी बहीण म्हणून आलं, हे आजवर मला कळलं न्हाई. रातंदिवस काम करून राहिलो अन् कळलं न्हाई.”

मग मन्मथअप्पा हळू बोलायला लागले. “अक्का, मला जायचंय. तिथं फायलीवर सही करणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी झडप हातात धरलेली नाही. जुनी विमानं आहेत, त्यात पोरं बसून उडतात. भाग नाकारायला ज्ञान लागतं, आणि नाकारायला हिंमतही लागते. माझ्याकडे दोन्ही थोडं-थोडं आहे. पण कारखान्याचं नुकसान तुझं आहे. तू नको म्हण, मी जाणार नाही.”

खोटं बोलणार नाही, त्या क्षणी मला तो माणूस आवडला. आणि त्याचाच मला राग आला. एवढ्या माणसांचं काम ह्याच्या एकट्याच्या भल्या मनावर का लटकत ठेवायचं?

अक्कानं उंडा मोडून भज्जीत बुडवला. खाल्ला. मग म्हणाली, “जा.”

“जाऊ?”

“जा की. आम्ही पंपाच्या झडपा करू. पण दिल्लीहून परतताना कंपनीत जायचं न्हाई.”

“अक्का, त्यांनी माझी खुर्ची राखून ठेवलीय.”

“म्हणूनच म्हणून राहिले. माझ्या टेबलावर बसलेला माणूस मशीनकडं डोळा ठेवून तपासाय लागला, तर मी त्याला टेबलावर ठेवीन का? संगीता एका घंट्यासाठी उठत न्हाई. तुझी खुर्ची तिकडं राखलेली, अन् तू इकडं बसून त्यांचाच माल बघणार! तू कितीबी नाकार, समोरच्याला वाटणारच. मलाबी वाटलं, सख्ख्या बहिणीला. एकदा टेबलावर गेलास की मशीन सोडायची. अप्पा, हे जमत असंल तर जा. न्हाईतर घरी बस, आपलं भुसाराचं दुकान हाय.”

आम्ही पत्रकात हीच मागणी तीन पानं भरून मांडतो. कलमं, पोटकलमं, निषेध. ह्या बाईनं ती जेवताजेवता मांडली, आणि ती मान्य झाली नाही तर काय, हेही सांगितलं.

मन्मथअप्पा उठले. शेताच्या टोकापर्यंत चालत गेले, तिथं पाठमोरे उभे राहिले. बऱ्याच वेळानं आले आणि मला म्हणाले, “पत्रक लिहिता ना? मग अक्काची ही अट लिहा. कारखान्याच्या दारावर लावू.”

मी फुरंगटून म्हटलं, “आणि कामगारांना कोण विचारणार? काम त्यांचं जाणार.”

“म्हणूनच लाव म्हणतेय,” अक्का म्हणाली. “मागल्या टायमाला काम का बंद पडलं ते कुणाला सांगितलंच न्हाई. तिथं मीच चुकले.”

दारात

मी रात्री बसून दीड पान लिहिलं होतं. अक्कानं सकाळी खोडत-खोडत दोन वाक्यं ठेवली. ‘मन्मथ बेलुरे दिल्लीत पदावर असेपर्यंत हा कारखाना विमानाच्या झडपांचं काम घेणार नाही. पद सोडल्यावर मन्मथ बेलुरे कंपनीत परत जाणार नाहीत.’ कागद कडुनिंबाशेजारच्या फाटकाला सुतळीनं बांधला. कामगार जमले. संगीतानं मोठ्यानं वाचलं.

मागून एक जण म्हणाला, “म्हणजे काम आमचं जाणार अन् मान साहेबाचा वाढणार.”

“खरंय,” मन्मथअप्पा म्हणाले. एवढंच. समजूत काढली नाही.

“अन् साहेबानं शब्द मोडला तर?” दुसरा.

“ही ताई हाय की छापायला,” संगीता म्हणाली. “फकत पिना नीट मार म्हणावं.” सगळे हसले, मीही हसले, कान तापलेले असताना.

मग अक्का म्हणाली, “कुणाला हे नको असंल तर आत्ता बोला. कागद काढून टाकते अन् हा दिल्लीला जात न्हाई.” कागद काढा असं कुणी म्हटलं नाही. तो पहिला माणूस फाटकाजवळ गेला, कागद पुन्हा स्वतः वाचला, बोट फिरवत. “पंपाच्या झडपाबी इमानाच्याच मापानं बनवू,” तो म्हणाला. “सवय मोडाय नको.” आणि आत गेला.

मन्मथअप्पांनी सही केली. मग, बहुतेक वातावरण हलकं करायला, कागद संगीतापुढे धरून म्हणाले, “घ्या संगीताबाई. तपासलं म्हणून तुमचा शिक्का मारा.” प्रत्येक तपासनिसाचा स्वतःचा शिक्का असतो इथं, पास झालेल्या मालाच्या कागदावर तोच बसतो.

संगीतानं सहीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. बड्या कंपनीच्या वरच्या खुर्चीवरचा माणूस, उद्याचा दिल्लीचा मोठा साहेब, आणि समोर ही लातूरची तपासनीस.

“न्हाई बसत, साहेब,” ती म्हणाली. “तुमचा लॉट अजून बाहेर पडला न्हाई.”

तिनं कोटाच्या खिशातून एक पिवळी चिठ्ठी काढली. अर्धवट मालाला बांधतात ती. त्यावर छापलेलं होतं, ‘थांबा. तपासणी बाकी.’ ती तिनं कागदाच्या सुतळीला दोन गाठी मारून बांधली, एकदा ओढून पाहिली आणि कामाला आत गेली.

मन्मथअप्पा त्या चिठ्ठीकडे बघत उभे होते. मग त्यांनी तिच्या पाठमोऱ्या आकृतीला हात जोडले.